फ्लॉइडचा टी-शर्ट आणि झिंगाट

परवा शुक्रवारी ऑफिसच्या कॅफेटेरियात एक छोटीशी चकमक झाली. मी हेडफोन लावून चहा पीत बसलो होतो. शेजारच्या टीममधला एक जण आला, माझ्या फोनच्या स्क्रीनवर डोकावला आणि म्हणाला, "अरे वा, पिंक फ्लॉइड? तू तर जळगावचा ना?"

(खरं तर मी धुळ्याचा. जळगावला फक्त इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली. पण पुण्यातल्या लोकांना मनमाडच्या पुढचं सगळं जळगावच वाटतं. असो.)

त्याच्या अंगात तो काळा टी-शर्ट होता, त्रिकोणी प्रिझमवाला. मी विचारलं, "तुला 'द वॉल'मधलं काय आवडतं रे?" तो म्हणाला, "व्हाइब आहे यार. लिरिक्स वगैरे मी फार ऐकत नाही."

तिथेच माझं डोकं फिरलं. 'तू तर जळगावचा' याचा राग आला होताच, पण तो जुना आहे, सवयीचा. खरा राग दुसऱ्या वाक्याचा. हिंजवडीत अशी शेकडो माणसं आहेत, आणि त्यांतली निम्मी माझ्यासारखीच भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, पारोळ्याहून आलेली आहेत. क्लासिक रॉक म्हणजे आपण गाव सोडून 'वर' आल्याचं सर्टिफिकेट. घरून फोन आला की 'काय करी राहना' हे हळू आवाजात, आणि स्प्रिंगस्टीन मात्र स्पीकरवर. मंडळी, ज्या गाण्यांच्या आड तुम्ही गाव लपवताय ती गाणी गावाबद्दलच आहेत. मिल बंद पडलेल्या, पोरांना काम नसलेल्या, वर्गात मास्तरांनी अपमान केलेल्या गावांबद्दल. शब्द ऐकले असते तर कळलं असतं.

आणि नुसते शब्द वाचूनही कळत नाही, हा माझा अनुभव. शेजारी आपल्याकडचा एक सिनेमा ठेवावा लागतो. या वीकेंडला मी तेच केलं. गाणं ऐकायचं, सिनेमा बघायचा, परत गाणं ऐकायचं. कपडे धुवायचे राहिले, पण चालतं.

सुरुवात अर्थातच 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागापासून. १९७९चं गाणं. मुलांचा तो कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या पोरांचा आहे. १९८२मध्ये अॅलन पार्करने 'द वॉल'वर सिनेमा काढला, त्यात एकसारखे मुखवटे घातलेली मुलं रांगेने जाऊन खिमा करायच्या यंत्रात पडतात. आपल्या सर्कलमध्ये या गाण्याचा अर्थ ठरलेला आहे: 'एज्युकेशन सिस्टीम बकवास आहे.' हे कोण म्हणतं? चार वर्षांची डिग्री घेतलेला, त्याच डिग्रीवर पॅकेज मिळवलेला, आणि उद्या स्वतःच्या पोराला महागातल्या महाग शाळेत घालणारा माणूस.

आता याच्या शेजारी 'फँड्री' ठेवा. नागराज मंजुळेचा, २०१३चा. जब्याला शाळा नको आहे का? उलट! त्याला वर्गात बसायचंय, नीट कपडे घालायचेत, शालूच्या नजरेत यायचंय. त्याला वर्गातून ओढून डुकरं पकडायला नेलं जातं. डुक्कर हाताशी येतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि जब्याचं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. मग मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते चालतात तेव्हा मागे शाळेची भिंत असते, आणि भिंतीवर बाबासाहेबांसकट थोरामोठ्यांची चित्रं. फ्लॉइडच्या भिंतीवर आपण रात्र रात्र बोलतो. ही भिंत आपल्या प्रत्येक झेडपी शाळेला आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही.

म्हणजे लंडनची पोरं शाळेतून बाहेर पडायचं म्हणतायत, आणि जब्या आत राहायचं. मग दोन्हींचा विषय एक कसा? इथे मीही अडकलो होतो. उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडलं. १९८०मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा हेच गाणं उचललं, आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्या पोरांना शिक्षण नको होतं असं नाही. 'तुमची लायकी मजुरीची, तेवढंच शिका' असं सांगणारं शिक्षण नको होतं. गाणं ज्यांच्या अंगावरून गेलं त्यांना ते बरोबर कळलं. ज्यांच्या अंगावर नुसता त्याचा टी-शर्ट आहे, त्यांना नाही.

धुळ्याच्या माझ्या शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील झाडूकामाला होते. आमचे एक सर हजेरीत त्याचं नाव घेत, पण एरवी हाक मारताना वडिलांच्या कामावरून मारत. आम्ही सगळे हसायचो. मीही. नववीनंतर तो दिसला नाही. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे बघणाऱ्यावर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकून मान वळवली होती. बरोबरच आहे, दगड माझाच होता.

असो. दुसरी जोडी.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'माय होमटाउन', १९८४चं. त्यात जादा आवाज नाही, गिटारची करामत नाही. बाप आठ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन गाडीतून गाव दाखवतोय. मग गावात भांडणं होतात, दुकानं रिकामी पडतात, रुळांपलीकडची कापड मिल बंद होते. शेवटी तोच पोरगा आता बाप झालाय, बायकोबरोबर गाव सोडायचं बोलतोय, आणि निघण्याआधी आपल्या पोराला तसंच मांडीवर घेऊन गाव दाखवतोय.

गाडीच्या जागी बजाजची एम-८० टाका. झालं धुळं! पप्पा रविवारी मला पुढे उभं करून आग्रा रोडवरून, पाचकंदीलवरून, पांझरेच्या पुलावरून फिरवायचे आणि शेवटी मिल परिसरात आणायचे. आजोबा न्यू प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. पप्पा सांगायचे, भोंग्यावर घरातली घड्याळं लावायचो. मी मिल पाहिली ती बंदच. पप्पा तिथे गाडी थांबवायचे, बोलायचे काही नाही, आणि किक मारून निघायचे. मला वाटायचं गाडी गरम झाली असेल.

याच्या शेजारी मी महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' ठेवला, २०१०चा. १९८२चा गिरणी संप, अडीच लाख कामगार, आणि त्यांतल्या एका घराची वाताहत. खरं सांगायचं तर सिनेमा मला जरा ओरडा वाटतो. ज्यावर तो बेतलाय ते जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक वाचलंय, ते जास्त लागतं. पण मुद्दा असा की मुंबईच्या संपावर निदान नाटक आहे, सिनेमा आहे, कादंबऱ्या आहेत. धुळ्याच्या मिलवर काय आहे? एका परिसराचं नाव. म्हणून मला न्यू जर्सीच्या माणसाकडे जावं लागलं. यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही, उलट ही आपली उधारी आहे.

(जाता जाता: ज्या विप्रोचं नाव आयटीत सगळे आदराने घेतात तिची सुरुवात १९४५ साली अमळनेरात झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर. तेव्हा कोणी 'तू खान्देशचा असून कॉम्प्युटरवाला?' म्हटलं तर हे ऐकवावं.)

आता कोणी म्हणेल, "बाबा रे, गाणं आहे, नाच की! प्रत्येक गाण्याचा पेपर सोडवायचा का?" मान्य. ठेक्याला माझा विरोध नाही. पण ठेक्यावर नाचताना शब्द कोणाला सोयीने ऐकू येत नाहीत ते बघा, कारण तिसरी जोडी नेमकी तीच आहे.

त्याच अल्बमचं पहिलं गाणं 'बॉर्न इन द यूएसए'. ढोल असे बडवलेत की मुठी आपोआप वर जातात. आत काय आहे? छोट्या गावातला पोरगा भानगडीत सापडतो, त्याच्या हातात बंदूक देऊन व्हिएतनामला पाठवतात, परत येतो तर रिफायनरीत काम नाही, आणि दहा वर्षांनीही तो तिथेच. सप्टेंबर १९८४मध्ये रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमन्टनच्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश असल्याचं सांगितलं. दोन दिवसांनी स्प्रिंगस्टीनने स्टेजवर विचारलं की राष्ट्राध्यक्षांना माझा नक्की कुठला अल्बम आवडत असेल, आणि 'जॉनी ९९' गायला. ते कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या माणसाच्या हातून घडलेल्या खुनाबद्दल आहे.

अमेरिकनांना हसण्याआधी 'झिंगाट' आठवा.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला तेव्हा मी जळगावला फर्स्ट इयरला होतो. होस्टेलचे चौदा जण गेलो. 'झिंगाट'ला पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, पडद्यासमोर जाऊन नाचली, चिल्लर उधळली. मी शर्ट काढून फिरवला (फोटो उपलब्ध नाही). आणि शेवटी ते रक्ताने भरलेले लहानगे पाय, कसलाच आवाज नाही. होस्टेलपर्यंत चौदा जण पायी आलो आणि कोणी 'भो' सुद्धा म्हटलं नाही. एक जण रात्री गच्चीवर रडत होता. त्याची मैत्रीण कोणत्या समाजाची होती ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पंधरा दिवसांत विसरलो. गॅदरिंगला झिंगाट, गणपतीला झिंगाट, आणि मुख्य म्हणजे लग्नांत झिंगाट. ज्या भावाच्या वाढदिवसाला सिनेमात हे गाणं वाजतं, शेवटी आईने पाठवलेलं सामान घेऊन दारात येणाऱ्यांमध्ये तोच भाऊ असतो. हे सगळ्यांनी पाहिलंय, आणि तरी डीजेवाल्याला पहिली फर्माईश तीच. रेगनने निदान गाणं धड ऐकलं नसेल अशी शंका घेता येते. आपण तर सिनेमा थिएटरात चार-चार वेळा पाहिला.

गेल्या मे महिन्यात धुळ्याजवळ आमच्याकडे लग्न होतं. काकांच्या मुलाचं. काकांना मुलगी पण आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो. तिने २०२१मध्ये पुण्यात रजिस्टर लग्न केलं, तिच्या वर्गातल्या मुलाशी, समाजाबाहेर. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव घेत नाहीत. पत्रिकेत बहिणींच्या नावांची ओळ होती, तिच्यात चुलत, मावस, आते सगळ्या होत्या. सख्खी नव्हती. सकाळी मी काकूंना देवघरात एकटी बसलेली पाहिली आणि दार हळूच ओढून घेतलं.

हळदीच्या रात्री डीजे आला. वरणबट्टी आणि वांग्याची भाजी हाणून सगळे मैदानात. झिंगाट तीनदा वाजलं. तिसऱ्यांदा पोरांनी काकांना ओढून आणलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, टोपी काढून हातात धरली आणि काय नाचला! शिट्ट्या पडल्या, नवरदेवाने बापाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मला काकांबद्दल इथे वाईट लिहिता येत नाही हीच अडचण आहे. माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली होती. त्यांनी माझा हात धरला आणि मी त्यांच्यासोबत नाचलो. शब्द पाठ आहेत मला.

रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघालो. सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. ती वाकडला राहते, माझ्यापासून चार किलोमीटरवर. जेवण कसं होतं विचारलं, नवरी कशी आहे विचारलं, आईने कोणती साडी नेसली होती ते विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "झिंगाट वाजलं का रे?"

म्हटलं, "वाजलं."

"आबा नाचले?"

"नाचले."

"टोपी काढून?"

मी हो म्हटलं. ती हसली. अगदी खरं हसली. म्हणाली, "लहानपणी आम्हाला घेऊन असेच नाचायचे. व्हिडिओ असेल तर पाठव ना."

व्हिडिओ आहे माझ्याकडे. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्यात मीही आहे, काकांचा हात धरलेला. अजून पाठवलेला नाही.