हंड्याला उपदेश, उसाला अभय!

'पाणी जपून वापरा' हा उपदेश बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटच्या बाईला कोणी करू नये! आंघोळीचे पाणी धुण्याला आणि धुण्याचे सड्याला, हा हिशेब तिला कोणत्या मंत्र्याने शिकवलेला नाही. ज्यांना शिकवायला हवा, त्यांच्या बांधावर जाण्याची सरकारची छाती नाही; म्हणून भिंतींवर घोषणा रंगवून कर्तव्य उरकले जाते.

खरा हिशेब मांडू या. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी कबूल केले आहे. एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिले, तर साधारण २ कोटी लिटर लागते. म्हणजे हजार माणसांचे वर्षभराचे पाणी एका हेक्टरात मुरते! आणि ज्या बीड जिल्ह्याचे लाखो हात कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात, त्यांच्याच दारी टँकर येतो. याला दुष्काळ म्हणायचे की दरोडा?

नांदूरघाटच्याच केज तालुक्यात, धनेगावला, मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याने तळ गाठला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या 'जलदूत' रेल्वेचे केवढे कौतुक झाले! पण मांजरेच्या खोऱ्यात इतके साखर कारखाने कोणत्या पाण्याच्या भरवशावर मंजूर झाले, हे कोणी विचारले नाही. पुढे पाऊस झाला, धरण भरले आणि सरकार सारे विसरले.

कायद्यांचा दुष्काळ तर मुळीच नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेऊ नये, असे १९९३ च्याच कायद्याने सांगितले होते. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना २००९ च्या भूजल कायद्याने वेसण घातली. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय २०१७ मध्ये मंत्रिमंडळानेच घेतला. बीडचे जिल्हाधिकारी राहिलेले सुनील केंद्रेकर २०१९ मध्ये विभागीय आयुक्त असताना त्यांनी मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली. सरकारने ती गिळली आणि ढेकरही दिला नाही! जलजीवन मिशनचा घरोघरी नळ २०२४ पर्यंत येणार होता; ती मुदत आता २०२८ वर गेली आहे. तहानेला मुदतवाढ मिळत नसते, हे दिल्ली-मुंबईला कोण सांगणार?

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही चोर म्हणत नाही. तूर, ज्वारी हमीभावाने खरेदी होईलच याची खात्री नाही आणि उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर, आहे, मग तो दुसरे काय लावील? गुन्हा हा पेच घालणाऱ्यांचा आहे. पण पिण्याच्या विहिरीशेजारी रातोरात बोअर मारणारा मात्र गावाचा गुन्हेगार आहे, मग तो सरपंचाचा भाऊबंद का असेना!

आमच्या मागण्या सरळ आहेत. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळचे बेकायदा बोअर बंद करा. ठिबक नसेल तर कारखान्याने उसाची नोंद घेऊ नये आणि ठिबकाचे अनुदान वेळेत द्या. तूर-ज्वारीची खरेदी हमीभावाने करा. टँकर कोठे भरला, किती खेपा झाल्या, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहा. पाणी तपासणीचा अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचा. नांदूरघाटकरांनीही मत मागायला येणाऱ्याला आधी हा फळा दाखवावा आणि त्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर त्याला वेशीवरूनच परत पाठवावे!