लाजेपोटी जीव जाऊ नये

ऑक्टोबर हा आपला जपमाळेचा महिना. हाच महिना जगभर स्तनांच्या कर्करोगाविषयी जनजागृतीसाठी पाळला जातो. जपमाळेनिमित्त घरोघरी जमणाऱ्या आपल्या भगिनींमध्ये या रोगाचे नाव मात्र क्वचितच निघते. या मौनाची किंमत मोठी आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. यातील अनेक जणी डॉक्टरांकडे फार उशिरा पोहोचतात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते. लज्जा असते, खर्चाची धास्ती असते. मुलीचे लग्न अडेल, हीही भीती असते. वस्तुतः शंभरातील पाच ते दहा रुग्णांमध्येच हा रोग आनुवंशिक असतो.

लवकर निदानासाठी महागडी यंत्रेच लागतात, असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले होते. त्याखालील वयोगटात मात्र तशी स्पष्ट घट आढळली नाही. याच उपक्रमात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून केलेल्या साध्या चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यूही ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तिशीपुढील नागरिकांची मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१६ सालीच काढली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील शंभरात एका स्त्रीनेही स्तनांची तपासणी करून घेतलेली आढळली नाही. म्हणजे उपाय ठाऊक आहे, धोरणही आहे. पण स्त्री त्या दारापर्यंत पोहोचत नाही. तिला तेथवर सोबत करणे हे शेजाऱ्याचे काम आहे, म्हणूनच ते धर्मग्रामाचेही काम आहे.

काही श्रद्धाळू जण 'आधी प्रार्थना करू, मग पाहू' म्हणत मौल्यवान महिने गमावतात. बेन-सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि त्याच वेळी वैद्याला दूर न ठेवण्याचाही उपदेश करतो. ख्रिस्तसभेने या दोहोंत कधीच विरोध मानलेला नाही.

म्हणून या महिन्यात प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाने एका महिला डॉक्टरांना बोलवावे. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, ही लक्षणे स्पष्ट शब्दांत सांगितली जावीत. पतींनी व मुलांनीही ती ऐकावीत, कारण घरातील स्त्री स्वतःचे दुखणे नेहमी सर्वांत शेवटी सांगते. तिला तपासणीला पाठवून थांबू नका; तिच्याबरोबर जा.