पूरक उपचार आणि रिकाम्या जागा

मधुमेहाचा रोगी सरकारी दवाखान्यातील गोळ्या घेतो, शेजाऱ्याने सुचविलेला काढा पितो आणि बाजारातून आणलेले एखादे भस्मही चाटतो. डॉक्टरांना मात्र तो यांतले फक्त पहिले सांगतो. डॉक्टर रागावतील ही त्याची भीती निराधार नसते. पुष्कळ डॉक्टरांना अशी चौकशी करणेच कमीपणाचे वाटते. दुसऱ्या बाजूस, आयुर्वेदिक म्हणजे निरपाय ही समजूत खोल रुजलेली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

याचा अर्थ देशी औषधे टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पडताळला आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. चीनच्या तू योयो यांनी जुन्या ग्रंथाचा धागा पकडून हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधले व २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही ठिकाणी परंपरेला प्रश्न विचारले गेले. मात्रा, परिणाम व दुष्परिणाम मोजले गेले. परंपरेचा जयजयकार करणाऱ्यांना नेमके हेच कष्ट नको असतात.

'पूरक' हा शब्दही जपून वापरावा लागतो. अमेरिकेतील कर्करुग्णांच्या नोंदींवर आधारलेला येल विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना पूरक उपचारांची जोड देणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि त्याचे मुख्य कारण असे दिसले की या रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया, किरणोपचार वा रसायनोपचार अधिक प्रमाणात नाकारले. जोड म्हणून आलेली गोष्ट हळूहळू मूळ उपचाराची जागा घेते, ती अशी.

अमेरिकेतल्या रुग्णाने निदान नकार तरी दिला; आपल्याकडील शेतमजुराला तेवढीही निवड नसते. श्रीमंत माणूस इस्पितळातून बरा होऊन पंचकर्माला जातो. त्याच्यापुरते ते खरोखर पूरक असते. मजुरापर्यंत पहिला उपचारच पोचत नाही, म्हणून काढा हाच त्याचा एकमेव उपचार ठरतो. शासनाला हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आयुष पद्धतींच्या समन्वयाचा पुरस्कार आहे. त्याच धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचनही आहे. २०२१-२२ मध्ये, म्हणजे महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चाच्या शंभर रुपयांतील ३९ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा बदलून, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे लिहून देण्याची वाट मोकळी केली. ग्रामीण भागात डॉक्टर नाहीत, ही त्यामागची सबब. वैद्यकपद्धतींचा समन्वय म्हणून जे मिरविले जाते, ते पुष्कळदा अशी काटकसर असते. आणि ती नेहमी गरिबाच्याच वाट्याला येते.

प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर जे कार्यकर्ते आहेत, त्यांना दोन मागण्या आजच करता येतील. रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो, हे त्याच्यावर न रागावता विचारून केसपेपरवर नोंदविले जावे. आणि केंद्रातील डॉक्टरांच्या किती जागा किती महिन्यांपासून रिकाम्या आहेत, हे दारावरच्या फळ्यावर लिहिले जावे.