कॅशलेस मंजूर झालं, तरी पैसे का भरावे लागतात? मूल ॲडमिट होताना पालकांनी समजून घ्यायच्या गोष्टी

“डॉक्टर, आजची रात्र ठेवा ना. चोवीस तास झाले की क्लेम बसेल.”

जुलाब-उलट्यांनी मलूल झालेलं मूल सलाइन लावल्यावर सहा-सात तासांत हसायला लागतं आणि घरी पाठवायची वेळ आली की ही विनंती हमखास होते. विनंती करणारे पालक लबाड नसतात. दर वर्षी हप्ता भरूनही बिल खिशातूनच जाणार, हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं.

आरोग्य विम्यात अलीकडे दोन मोठे बदल झाले. विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. दुसरा बदल म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसींच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला.

दोन्ही बदल स्वागतार्ह आहेत. पण पहिल्याने वाट पाहण्याचा वेळ कमी झाला, दुसऱ्याने हप्ता. बिलातली किती रक्कम मिळणार, हे आजही पॉलिसीच्या अटींवरच ठरतं. त्यातल्या बऱ्याच अटी ॲडमिशनच्या पहिल्या काही तासांतच लागू होतात, आणि नेमकं तेव्हा आपलं सगळं लक्ष मुलाकडे असतं.

चोवीस तास आणि दाखल करण्याचं कारण

बहुतेक पॉलिसींमध्ये किमान २४ तास दाखल राहण्याची अट असते. डे-केअर म्हणून मान्य असलेल्या उपचारांना ती लागू नसते. तापातली झटक्याची तपासणी किंवा चार तासांचं सलाइन मात्र अनेकदा ओपीडी उपचार धरलं जातं. पॉलिसीत ओपीडीचं संरक्षण असेल तरच त्याचे पैसे मिळतात.

पण नुसते २४ तास भरूनही क्लेम मिळेलच असं नाही. फक्त तपासण्यांसाठी दाखल केलं असं कागदांवरून दिसलं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. म्हणून केसपेपरवर “ताप, निरीक्षणासाठी दाखल” एवढंच लिहिणं पुरेसं नाही. “पाणीही पोटात टिकत नाही, आठ तास लघवी नाही, शिरेतून सलाइनची गरज” असं जे खरं कारण असेल ते तिथे आलं पाहिजे. ते लिहिणं डॉक्टरांचं काम आहे, आणि पालकांनी त्याबद्दल जरूर विचारावं. नसलेली लक्षणं लिहायला मात्र सांगू नये. खोटी माहिती उघड झाली तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

खोलीचा निर्णय सगळ्यात महाग

समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ४,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. डेंग्यूसाठी चार दिवसांचं बिल, जीएसटी सोडून, असं झालं:

- खोलीभाडं ३२,००० रुपये: मंजूर १६,०००
- डॉक्टर भेटी, नर्सिंग इत्यादी २४,००० रुपये: मंजूर १२,०००
- औषधं आणि तपासण्या ३०,००० रुपये: मंजूर ३०,०००
- विम्यात न बसणाऱ्या वस्तू ४,००० रुपये: मंजूर शून्य

एकूण बिल ९०,०००, मंजूर ५८,०००, तुमच्या खिशातून ३२,०००.

दुसऱ्या ओळीकडे पाहा. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची घेतल्यामुळे डॉक्टर आणि नर्सिंगची रक्कमही निम्मीच मिळाली. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला ती लागू करता येत नाही. हीच खोली ४,००० रुपयांची असती, तर इतर खर्च तेवढाच धरूनही खिशातून फक्त ४,००० गेले असते. शिवाय रोज ५,००० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर, आयसीयू वगळता, ५ टक्के जीएसटी लागतो.

मुलांच्या बिलातल्या ‘न मिळणाऱ्या’ वस्तू

डायपर, बेबी फूड, नेब्युलायझर किट, स्पेसर, थर्मामीटर आणि सोबतच्या माणसाचे शुल्क या गोष्टी सहसा विम्यात बसत नाहीत. दम्याच्या किंवा छातीत कफ असलेल्या मुलाच्या बिलात त्यातल्या बऱ्याच असतात. घरी किट किंवा स्पेसर असेल तर तो वापरता येईल का, ते विचारा.

पहिल्या तासात विचारायचे प्रश्न

- माझ्या पॉलिसीत रोजच्या खोलीभाड्याची आणि आयसीयूची मर्यादा किती?
- त्या मर्यादेत कोणती खोली मिळेल?
- अंदाजे खर्च किती? तो लेखी मिळेल का?
- मुलाचं नाव पॉलिसीत आहे का, आणि केसपेपरवर तसंच लिहिलं आहे का?

शेवटचा प्रश्न तान्ह्या बाळांसाठी महत्त्वाचा आहे. अनेक फ्लोटर पॉलिसी बाळाला तीन महिन्यांनंतरच सामावून घेतात, आणि तेही तुम्ही नाव नोंदवलं तरच.

विमा नसेल किंवा पुरत नसेल तर

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे. संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये. ते अंगीकृत रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांसाठीच मिळतं, म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे चौकशी करा.

क्लेम नाकारला तर

पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही. आयआरडीएआयची हेल्पलाइन १५५२५५.

आणि सुरुवातीच्या विनंतीचं काय? बरं झालेलं मूल क्लेमसाठी वॉर्डात ठेवणं म्हणजे त्याला आणखी एक रात्र सुईसह आणि इतरांच्या जंतुसंसर्गात ठेवणं. त्याला माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं. पण धाप लागलेलं, झटका आलेलं किंवा सुस्त पडलेलं मूल असेल, तर एकही प्रश्न विचारत थांबू नका. आधी उपचार सुरू होऊ द्या. मूल स्थिरावलं की घरातलं दुसरं कुणीतरी पॉलिसी घेऊन टीपीए डेस्कवर जाऊ शकतं.