आषाढांतलें वेंगुर्लें

“भर पावसांत कोंकणांत जाऊन पाहावयाचें तरी काय ?” असा प्रश्न घरांतील तरुण मंडळींनीं केला. आमच्या थोरल्या वहिनींची हरकत निराळीच होती. त्या म्हणाल्या, “चातुर्मास लागला; आतां कसला प्रवास ?” या दोहोंपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. सुट्टीच्या दिवसांत समुद्रकांठीं जत्रा लोटते, खोल्यांचें भाडें चढतें, आणि गुडघेदुखीमुळें आमच्या कुटुंबास त्या गर्दींत चार पावलें टाकणेंहि कठीण होतें, एवढेंच काय तें आम्ही जाणत होतों. तेव्हां आषाढी एकादशी झाल्यावर तिसऱ्या दिवशीं आम्ही उभयतां आणि धाकट्या बंधूंचे पदवीपरीक्षा दिलेले चिरंजीव, असे तिघे वेंगुर्ल्यास निघालों.

वेंगुर्लें हें एके काळचें नांवाजलेलें बंदर. सतराव्या शतकांत डचांनीं तेथें वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अद्याप दिसतात. १८१२ सालीं गांव सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलें. पुढें मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी येथें थांबत. परंतु पावसाळा लागला कीं त्यांचें येणेंजाणें बंद पडे. आतां आगबोटी गेल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला, आणि कुडाळास उतरून एस. टी.नें वेंगुर्ल्यास जातां येतें. मात्र पावसाळ्यांत या मार्गावरील गाड्या सावकाश धांवतात व त्यांचें वेळापत्रकहि वेगळें असतें, हें निघण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

ज्या घरीं उतरलों तेथें आमच्याखेरीज दुसरे पाहुणे नव्हते. घरच्या काकू म्हणाल्या, “मे महिन्यांत ताटें मांडतांना नांव विचारावयासहि सवड नसते.” आतां मात्र त्या पडवींत निवांत बसून आमच्या कुटुंबाशीं बोलत. टाकळ्याची भाजी, फागलांची भाजी, कुळथाची पिठी आणि गरम भात हें आमचें जेवण. कौलांवर पाऊस कोसळत असतां त्याला जी गोडी आली, ती पक्वान्नांनाहि क्वचित् येते.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पावसानें उघडीप दिली म्हणून उभ्यादांड्याच्या बाजूस सागरेश्वराच्या किनाऱ्यावर गेलों. होड्या वर ओढून झापांनीं शाकारलेल्या होत्या. एका आडोशाखालीं एक वृद्ध कोळी जाळें सांधीत बसला होता. किनारा अगदीं मोकळा. आमचे चिरंजीव पोहण्यांत तरबेज. त्यांनीं सदरा काढला आणि ते पाण्याकडे चालूं लागले. वाचकहो, पस्तीस वर्षें ज्यानें वर्गांत मुलांना “थांब” म्हणून सांगितलें, त्या आमच्या तोंडून त्या वेळीं शब्द निघाला नाहीं. पोरगा पट्टीचा पोहणारा आहे, या अभिमानांत आम्ही उभे होतों.

तो गुडघाभर पाण्यांत शिरतो न शिरतो तोंच तो वृद्ध धांवत गेला आणि त्यानें त्याचें मनगट धरून त्याला मागें खेंचलें. पाठोपाठ एक लाट आली. ती परत फिरली तेव्हां वाळूंत पडलेला एक जाड ओंडका तिनें काडीसारखा ओढून नेला. “खंय जातंस रे झिला ? दर्याक वळख नसता,” एवढेंच तो म्हणाला. समुद्राला कोणाची ओळख नसते ! आमचे पाय कापूं लागले. आमच्या कुटुंबानें तर तेथेंच वाळूंत बसकण मारली.

मग त्याच्यापाशीं बसून आम्हीं विचारपूस केली. त्याचा जन्म याच किनाऱ्यावरचा. तरी या दिवसांत तोहि समुद्रांत जात नाहीं. यांत्रिक नौकांना तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारची बंदीच आहे. समुद्र खवळलेला असतो हें एक कारण. हा काळ पुष्कळ जातींच्या माशांच्या विणीचा, हें दुसरें. जें दोन महिने राखावें तेंच पुढें दहा महिने खावयास मिळतें. पुष्कळ जण तर नारळी पौर्णिमेला सागरास नारळ वाहिल्यावरच होड्या लोटतात. चिरंजीव मुकाट्यानें ऐकत होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आपण होऊन तेथें गेले, आणि दुपारपर्यंत जाळें सांधावयास शिकत बसले.

तिसऱ्या दिवशीं शिरोड्यास गेलों. ज्या मिठागरांमुळें हा गांव १९३० च्या सत्याग्रहांत गाजला, त्यांत पावसाचें पाणी भरलें होतें. ऊन तापल्यावांचून मीठ पिकत नाहीं. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत येथेंच शिक्षक होते. उन्हाळ्यांत येणाऱ्या प्रवाशाला येथील शाळेचें कुलूप तेवढें दिसावयाचें. आम्हीं रस्त्यावर छत्री धरून उभ्याउभ्या मुलांचा एका सुरांत चाललेला पाठ ऐकला. जुन्या मास्तराला याहून दुसरें तीर्थ कोणतें ?

तेथें आम्हांस वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें. नद्यांना पूर येतात, वाटेवर कोंब व किडेमुंग्या पायांखालीं चिरडतात, म्हणून यतींनीं वर्षाकाळीं एके ठिकाणीं राहावें असें आपल्या पूर्वजांनीं ठरविलें. सीतेच्या शोधासाठीं व्याकुळ झालेल्या श्रीरामांनींसुद्धां पावसाळा प्रस्रवण पर्वतावर थांबूनच काढला. बंदर थांबतें, होडी थांबते, मिठागर थांबतें. मग प्रवाशानेंच का धांवावें? पावसाळ्यांत कोंकणांत हिंडावयास जाऊं नये, राहावयास जावें.

म्हणून ज्यांना जाणें असेल त्यांनीं एकच गांव निवडावें व तेथें चार दिवस तरी काढावेत. उतरण्याची व जेवणाची सोय आधीं विचारून ठेवावी, कारण पुष्कळ खाणावळी या दिवसांत बंद असतात. मालवणच्या सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्याहि पावसाळ्यांत सुटत नाहींत; तेव्हां मुलांना तसें वचन देऊं नये. आणि पाण्यांत पाऊल घालूं नये. पट्टीच्या पोहणाऱ्यानें तर मुळींच नाहीं.

परत येतांना किनाऱ्यावरची हकीकत घरीं सांगावी कीं न सांगावी, याचा आम्ही उभयतां गाडींत विचार करीत होतों. परंतु पहिल्याच रात्रीं पंगतींत चिरंजीवांनीं आपण होऊन ती सांगितली. त्यांच्या आईच्या हातांतील वाढणें थांबलें. मग ते वहिनींकडे वळून म्हणाले, “काकू, चातुर्मास म्हणजे काय तें मला आतां कळलें.” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं त्यांच्या पानांत भात वाढला आणि त्यावर तुपाची धार अंमळ अधिकच धरली.