घरी बांधलेले विमान आणि वैमानिकाची तब्येत

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत आयडाहो राज्यात असतो. वय छप्पन्न, रक्तदाबाची गोळी चालू. त्याने गॅरेजमध्ये विमान बांधले आहे. ‘झेनिथ सीएच 701’ हे दोन आसनी विमान सुट्या भागांच्या संचात मिळते. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केले, की तिथला कायदा ते प्रायोगिक विमान म्हणून उडवू देतो. पंखांच्या पुढच्या कडेला बसवलेल्या पट्ट्यांमुळे ते ताशी सुमारे 50 किलोमीटर इतक्या कमी वेगातही हवेत राहते आणि डोंगरातल्या आखूड, गवताळ धावपट्टीवर उतरते.

डॉक्टर म्हणून मला हा कमी वेग आवडतो. आदळण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. शंभरऐवजी पन्नासच्या वेगाने आदळले तर ती पाव होते. खांद्याचे पट्टे मात्र बांधलेले हवेत.

तरी आकडे निर्धास्त राहू देत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये घरबांधणीच्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या छोट्या-खासगी विमानांत ती जेमतेम 10 टक्के. पण 2011 मधील जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा 21 टक्के. बरेच अपघात पहिल्या काही उड्डाणांत झाले होते, किंवा जुने विमान विकत घेणाऱ्याच्या सुरुवातीच्या उड्डाणांत. बांधणाऱ्याला विमानाच्या खोडी ठाऊक असतात. विकत घेणाऱ्याला त्या कोण सांगणार?

त्यात डोंगर. आयडाहोतील जॉन्सन क्रीकची धावपट्टी सुमारे 4900 फुटांवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा जरा उंच. दुपारी पारा 30 अंशांवर गेला की विरळ हवेमुळे विमान जणू 8000 फुटांवर असल्यासारखे वागते. इंजिनालाही दम लागतो.

मला अधिक भीती वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. अनेक छोट्या विमानांत एग्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत घेऊन ऊब मिळवतात. नळीला तडा गेला की विषारी वायू आत येतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने जीव जातो, तसाच हा प्रकार. डोके जड होते, निर्णय चुकतात, आणि कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर त्या वेळी खुशाल चांगला आकडा दाखवतो. विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही. अशा विमानांत या वायूचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे करा, अशी शिफारस त्याच मंडळाने 2022 मध्ये केली. माझ्या मते ते यंत्र बसवायला सक्तीची वाट पाहूच नये.

आणि वैमानिक? अशी हलकी विमाने उडवायला 2004 पासून तिथे बहुतेकांना मोटारीचा परवाना पुरतो. डॉक्टरी दाखला लागत नाही. आपली तब्येत उडण्याजोगी आहे का, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. या नियमाशी माझे भांडण नाही. सरकारी रुग्णालयात फिटनेसचे दाखले लिहिण्यात माझी पंचवीस वर्षे गेली; पाच मिनिटांच्या तपासणीत किती कळते ते मी जाणतो. पण मग स्वतःला तपासणारा माणूस कडक हवा. सर्दी-खाजेवर दुकानात सहज मिळणाऱ्या, झोप आणणाऱ्या डायफेनहायड्रमिनचा अंश तिथे मृत वैमानिकांच्या रक्तात वारंवार सापडला आहे.

परवा मित्राने फोनवर विचारले, ‘‘नाक गळतंय रे, गोळी घेऊन पहिलं उड्डाण उरकू का?’’

मी नाही म्हटले. तो चिडला, पण उड्डाण पुढच्या आठवड्यावर गेले आहे.