‘योग्य उमेदवार मिळाली नाही’ म्हणणाऱ्यांना

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी गगनयानाच्या चार अंतराळवीरांची नावं जाहीर झाली. चारही पुरुष. का, तर निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली आणि त्यांत महिला नव्हती.

ती कुठून असणार? लढाऊ विमानात मुली बसल्या २०१६ मध्ये. खडकवासल्याच्या एनडीएचं दार सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये उघडायला लावावं लागलं. १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली ती ३० मे २०२५ रोजी. आधी दार लावून घ्यायचं आणि मग आत कुणी दिसत नाही म्हणायचं! राखीव जागा ‘योग्य उमेदवार नाही’ असा शेरा मारून रिकाम्या ठेवतात, त्याच जातीचा हा कावा.

आपल्याला तो नवा नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’चं शास्त्र पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभारली, युद्ध सरल्यावर मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. मधल्या वर्षांत आपल्या बापजाद्यांचं शौर्य काय रजेवर गेलं होतं?

आता अरबांकडे बघा. ज्या सौदी अरेबियात २०१८ पर्यंत बाईला मोटार चालवायची मुभा नव्हती, तिथली रय्याना बर्नावी २०२३ मध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आली. ती वैमानिक नव्हे, संशोधक. तिकीट सरकारने खासगी मोहिमेत काढलं होतं, आणि तिथल्या राजेशाहीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण कसोटी ठरवणारा ती बदलूही शकतो, एवढं त्यातून दिसतं. शेजारच्या अमिरातीची मरियम अल मन्सूरी तर २०१४ मध्येच एफ-१६ घेऊन आयसिसवर हल्ल्याला गेली होती.

महाराष्ट्र सरकारने एनडीएच्या तयारीसाठी औरंगाबादला मुलांची संस्था काढली १९७७ मध्ये. मुलींसाठी नाशिकला निघाली २०२३ मध्ये. दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. हेंद्रेपाड्यातून निघून कल्याणला गाडी बदलली की नाशिक. एनडीएतून हवाई दलात जायचं तर बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. मुलींना परीक्षेची फी नाही. अकरावीला मुलीचं गणित सोडवण्याआधी घरच्यांनी हे ऐकलेलं असावं. यंदाच्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे पैसे वगळून गणिताच्या शिकवणीला द्यावेत, असं आम्ही वस्तीच्या बैठकीत मांडणार आहोत.